रणांगणातून आईला पत्रे: गोपिकाबाई पेशवे आणि नाशिक

१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पानिपतावर पडले. जूनमध्ये पती नानासाहेबही गेले. गोपिकाबाईंचा दुसरा मुलगा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. हैदरअलीविरुद्धच्या कर्नाटक मोहिमेतून माधवराव आईला पत्रे लिहीत. त्यांत लढाईची हकीकत असे. घरी मात्र प्रत्येक पत्राचा पहिला अर्थ एकच: मुलगा सुखरूप आहे.

पुढे मायलेकांत कारभारावरून बिनसले आणि गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या. माधवराव १७७२ मध्ये क्षयाने वारले. १७७३ मध्ये धाकट्या नारायणरावांचा खून झाला. तिन्ही मुलगे गमावल्यावर त्यांनी नातू सवाई माधवरावांना दिनचर्या आणि राज्यकारभाराचा उपदेश लिहून पाठवला. १७८८ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले.