नवगांवचे शनिवार तेली

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं नवगांव हें लहान गांव आहे. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या व बुडालेल्यांचीं प्रेतें येथेंच पुरलीं, असें कोंकणांतील बेने-इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. या जातीचे इतिहासकार हाईम शमुएल केहिमकर यांनीं हें आगमन इ. स. पूर्व 175 च्या सुमारास ठरविलें. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1897 मध्यें लिहून झाला होता, परंतु छापून निघाला तो 1937 मध्यें, तेल अवीव येथें.

या कालनिर्णयाचा मुख्य आधार असा कीं, मक्काबींच्या विजयानंतर सुरू झालेला हनुक्का हा सण या लोकांस ठाऊक नव्हता. आमच्या मतें हा पुरावा दुबळा आहे. ग्रंथ व गुरु दोन्ही गमावलेला समाज एखादा सण विसरूंही शकतो. शिवाय चौदा जणांची कथा किनाऱ्यावर एकच नाहीं. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेंतही चौदाच प्रेतें आहेत! 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत या समाजाचें यहुदी व हिंदी असें दुहेरी मूळ दिसून आलें. म्हणजे परदेशांतून आल्याची परंपरा खोटी नव्हे, मात्र तिच्यावरून साल काढतां येत नाहीं.

लेखी पुरावा मिळतो तो 1768 चा. कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल राहबी यांनीं त्या वर्षीं हॉलंडांत धाडलेल्या पत्रांत मराठी मुलखांतील या लोकांचा उल्लेख आहे: कांहीं तेल गाळतात, कांहीं शिपाईगिरी करतात, ‘शेमा’ ही एकच प्रार्थना जाणतात व शब्बाथ पाळतात. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्माचें इतकें नेमकें वर्णन जातीच्या नांवांत क्वचितच सांपडेल.

आडनांवें हाही एक दप्तरखानाच होय. किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगांवचे नवगांवकर. हीं नांवें नकाशावर मांडलीं म्हणजे घाण्यांची वांटणी दिसूं लागते. एका गांवास एकदोन घाण्यांहून अधिक काम नसे, म्हणून घरें विखुरलीं असावींत, असा आमचा तर्क आहे.

सणांचीं नांवें तर निखळ मराठी. नववर्षाचा ‘नव्याचा सण’, मागून येणारा ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशीं घराचें दार लावून बसत म्हणून ‘दारफळणीचा सण’. मंदिरनाशाच्या उपासास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण त्या दिवसाशीं वालाच्या बिरड्याचें जेवण जडलें होतें. एका नांवांत कोंकणचें कडधान्य, मुसलमानी शब्द व यरुशलेमचा शोक! हीं नांवें पुढें सुधारकांस गांवढळ वाटलीं व इब्री नांवांपुढें मागें पडलीं. आम्हांस तो तोटाच वाटतो.

इब्रीकडे वळण्याची सुरुवात मुंबईंत झाली. कंपनीच्या पलटणींतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांनीं 1796 मध्यें तेथें पहिलें सिनेगॉग बांधलें. 1846 मध्यें वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईंत निघाली. 1848 मध्यें अलिबागेस सिनेगॉग झालें. तें ज्या आळींत आहे ती आजही ‘इस्रायल आळी’ म्हणून ओळखली जाते.

1948 नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. तेथील कांहीं धर्मगुरूंनीं विवाहाच्या बाबतींत यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढली. या लोकांनीं चळवळ केली आणि 1964 मध्यें त्या देशाच्या संसदेनें ते सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे आहेत असें जाहीर केलें. कोंकणांत अशी शंका कोणीं घेतली नव्हती. येथें शनिवारचा बंद घाणा पुरेसा होता. तिकडे ‘मायबोली’ हें मराठी नियतकालिक निघालें. इकडे महाराष्ट्र सरकारनें 2016 मध्यें यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. घाण्यांचीं गांवें तोंवर जवळजवळ रिकामीं झालीं होतीं. कोणाच्या संग्रहीं जुन्या घाण्यांचे कागद असतील, तर त्यांच्या नकला व्हाव्यात. घाणा कोणत्या गांवीं किती वर्षें चालला हें त्यांवरूनच ठरेल.