खाचरातून सभागृहात

17 सप्टेंबर 1937. मुंबई विधानसभेचे अधिवेशन पुण्यात भरले होते. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी जिल्हा आणि कुलाबा-ठाण्याचा काही भाग या पद्धतीखाली पिढ्यान् पिढ्या होता. खोताला भरपाई द्यावी, त्याला मधून काढावे आणि जो जमीन कसतो त्याने थेट सरकारात सारा भरावा, अशी त्या विधेयकाची सरळ मांडणी होती. रोह्याच्या डोंगराला लागून असलेल्या वाड्यांत आणि पेणच्या खारेपाटात राबणाऱ्या कुळांच्या वतीने सभागृहात इतके स्पष्ट बोलले गेल्याचे प्रसंग तोवर थोडेच होते.

ज्यांच्यासाठी हे बोलणे चालले होते, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते. 1937च्या निवडणुकीत मताचा अधिकार प्रामुख्याने सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असलेल्याला किंवा शिकलेल्याला होता. जमीन खोताच्या नावावर आणि नांगर कुळाच्या हातात, अशा ठिकाणी मत कोणाच्या घरी जायचे हे सांगायला नको.

खोत गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून खंड गोळा करायचा. कागदावर तो सरकार आणि रयत यांच्यातला मध्यस्थ होता, पण गावात मालक होता. खंड ठरलेला असला तरी त्यावर व्याज चढे, वेठ लागे आणि कबुलायतीत काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नसे. भातानंतर त्याच शेतात वाल किंवा तूर घेतली तर तिच्यातही वाटा मागितला जाई. बांधावर झाड कुळाने लावायचे आणि त्यावर हक्क खोताचा, अशीही तऱ्हा होती.

पेणची गोष्ट थोडी निराळी. इथली बरीच शेती समुद्राकडून मागून घेतलेली. खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध घालायचा, भरतीचे पाणी बाहेर रोखायचे, आत साचलेले पावसाचे पाणी ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे आणि पावसाच्या गोड पाण्याने माती धुऊन धुऊन तिच्यातले मीठ काढायचे. मग तिथे भात पिके. हे बांध राखण्यासाठी शिलोत्री नावाची जुनी व्यवस्था होती. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध धड ठेवायचा आणि त्या बदल्यात शेतकऱ्याकडून बिघ्यामागे एक मण भात घ्यायचे. व्यवस्था शहाणपणाची होती, पण दुरुस्ती झाली नाही तरी मण मात्र द्यावा लागे. एकदा उधाणाने खांड पडली की खारे पाणी आत शिरे आणि ती खाचरे दोन-तीन वर्षे हाती लागत नसत. अशा वेळी कुळाने जायचे कुठे? सावकाराकडे, नाहीतर मुंबईच्या गिरणीत.

आंबेडकरांच्या विधेयकाला जोर आला तो कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या एका संपामुळे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 रोजी कुळांनी ठरवले की जमीन कसायचीच नाही. नेते होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावे त्यात उतरली. कारखान्यातला संप समजतो, पण शेतकऱ्याने आपणहून शेत ओसाड ठेवायचे म्हणजे काय, याचा विचार केला तर छाती दडपते. पावसाळा येई, शेजारच्या गावात लावणी चाले आणि चरीची खाचरे गवताने भरत. लोकांनी डोंगरातली लाकूडफाटी आणि करवंदे विकून दिवस काढले. 1934 मध्ये आंबेडकर स्वतः तिथल्या शेतकरी परिषदेला गेले. संप सहा वर्षे चालला. अखेर 1939 मध्ये त्या वेळचे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले आणि तडजोड झाली. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा कूळ कायदा आला.

दरम्यान 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातून आणि इतर भागांतून हजारो शेतकरी मुंबईत जमले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. खोतीचे विधेयक मात्र संमत झाले नाही. 1939च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि तो विषय मागे पडला. खोती संपायला स्वातंत्र्य यावे लागले. 1949चा खोती निर्मूलन कायदा 15 मे 1950 पासून लागू झाला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन धरून कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. सभागृहात मांडलेले विधेयक पडून राहिले म्हणून ते वाया गेले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. बारा वर्षांनी झालेल्या कायद्याचा पाया त्यातच होता.

पहिल्या लोकसभेत कुलाब्याचे खासदार होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा आणि बालपण रोह्यातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1950 पासून देशाचे अर्थमंत्री, संस्कृतचे गाढे अभ्यासक, ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक. असा माणूस मतदारसंघाच्या रस्त्या-पाण्यासाठी भांडत बसेल असे कोणाला वाटणार नाही. पण शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न त्यांच्याच काळात पहिल्यांदा नीट मोजला गेला. रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपाहणीत दिसले की शेतकऱ्याच्या कर्जात सरकार आणि सहकारी संस्था यांचा वाटा मिळून जेमतेम 6 टक्क्यांच्या आसपास आहे. बाकी बहुतेक सावकार. त्या अहवालाच्या आधारावर 1955 मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत लहान गावांत 400 नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर आले. खारेपाटातल्या सावकाराच्या वहीवर चाललेल्या संसाराशी या निर्णयाचा थेट संबंध होता.

त्यांचे सर्वांत मोठे बोलणे मात्र वेगळ्याच प्रसंगाचे. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय 1956 मध्ये झाला. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुखांनी मंत्रिपद सोडले आणि जुलैमध्ये लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली. निर्णय घेण्याची रीत चुकीची होती, मंत्रिमंडळाला विश्वासात घेतले गेले नाही आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांनी पंतप्रधानांच्या समोर मांडले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा मोरारजी देसाई होते, म्हणजे चरीत तडजोड घडवणारेच.

हा भावनेचाच प्रश्न होता, असे बाहेरच्यांना वाटले असेल. कुलाबा जिल्ह्यात तो पोटाचाही होता. धरमतर आणि रेवसहून लाँच भाऊच्या धक्क्याला लागायची. भात, मीठ, मासळी, भाजी तिकडे जायची आणि गिरणीतल्या मुलाची मनीऑर्डर इकडे यायची. पेण-रोह्याच्या शेतकऱ्याची बाजारपेठ मुंबई होती, दुसरी नोकरीही मुंबई होती. ती परक्या कारभाराखाली जाणार, याचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यावा लागला नाही. 1957 मध्ये कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत लोकांनी आपला कौल दिला होता.

पुढे जमिनीचा प्रश्न पुन्हा आला, या वेळी खोताच्या रूपाने नव्हे. कुळांच्या नावावर झालेली जमीन आता बंदर आणि नव्या शहरासाठी मागितली जाऊ लागली. 1977 मध्ये कुलाब्याचे खासदार झालेले दि. बा. पाटील मूळचे उरणच्या जासईचे. न्हावा-शेवा बंदराच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये त्यांनी उभारलेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मारले गेले. त्याच वर्षअखेरीस मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले. जमीन गेलेल्याला विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळावा, ही मागणी त्यांच्याच लढ्यातून पुढे आली आणि सरकारला ती स्वीकारावी लागली. आजही देशात कुठे भूसंपादनाची चर्चा निघाली की या साडेबारा टक्क्यांचा दाखला दिला जातो.

पेणच्या शेतकऱ्यांनी 2008 मध्ये याहून पुढची गोष्ट केली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 45 गावांची सुमारे 10 हजार हेक्टर जमीन घ्यायची होती. त्यातली पेणची 22 गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. पाण्याखाली येणारी भातजमीन कारखान्यांना का द्यायची, हा त्यांचा सवाल. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते पाठीशी होते. अखेर सरकारनेच 21 सप्टेंबर 2008 रोजी या गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले. सात-बाऱ्यावर नाव असलेला माणूस, बाई, म्हातारा, सगळे रांगेत उभे राहिले आणि पेटीत चिठ्ठी टाकून आले. मते प्रचंड संख्येने प्रकल्पाविरुद्ध पडली. निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. तरी पुढच्या वर्षी भूसंपादनाची मुदत संपली आणि जमीन शेतकऱ्यांकडेच राहिली.

1937 मध्ये ज्यांच्या वतीने बोलावे लागले, त्यांच्याच नातवंडांनी या खेपेला स्वतः मत दिले होते. हेटवण्याचे पाणी मात्र जलवाहिनीतून नवी मुंबईला पोहोचले आणि लाभक्षेत्रातल्या कालव्यांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. पेणच्या शेतकऱ्यांना पुढची लढाई त्या पाण्यासाठी द्यावी लागली.