फेस, शेवाळ आणि फॉस्फरसचा जमाखर्च

कामानिमित्त दिल्लीला जाणाऱ्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग माहीत असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. याच रस्त्यावर फरीदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे मुख्य पीठ बसते आणि यमुनेच्या प्रदूषणाची प्रकरणे तिथेच चालतात. या पाठाचा विषय मात्र घरातली खाऱ्या पाण्याची प्रवाळपेटी आणि तिच्यात माजणारे शेवाळ हा आहे. दोन्हीकडचे रसायनशास्त्र एकच असल्यामुळे शेवटी आपण पुन्हा या रस्त्यावर येऊ.

रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पती प्राणवायू देत होती, तरी कुजणारी पाने आणि हिरवा बुळबुळीत थर यांमुळे पाणी बिघडू लागले. त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी तो थर खाल्ला आणि पाणी निवळले. गोगलगाय शेवाळ खाते, तिची अंडी मासे खातात, असे हे वर्तुळ होते. ‘समतोल पेटी’ची कल्पना यातून रूढ झाली. पण शेवाळातले नायट्रोजन आणि फॉस्फरस गोगलगायीच्या पोटातून पुन्हा पाण्यातच येत होते. मासे दोनच असल्यामुळे ते खपून गेले.

आता मी वर्गात देतो ते गणित करून पाहा. समजा, पेटी २०० लिटरची आहे आणि तुम्ही रोज २ ग्रॅम कोरडे खाद्य टाकता. खाद्यात १ टक्का फॉस्फरस धरला तर रोज २० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ६१ मिलिग्रॅम फॉस्फेट आत जाते. पूर्ण वाढलेला मासा त्यातले बहुतेक परत पाण्यात सोडतो. लिटरमागे ही भर रोज ०.३ मिलिग्रॅमची झाली, आणि प्रवाळ पाळणारे लोक एकूण पातळीच ०.१ च्या खाली ठेवू पाहतात. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले आणि दुसरा कोणताही मार्ग नसला, तर आवक-जावक जुळते ती लिटरमागे सुमारे २१ मिलिग्रॅमवर! पाणी बदलणे चांगलेच, पण नुसत्या तेवढ्यावर भागत नाही. विद्यार्थी हे उत्तर दोनदा तपासतात.

नायट्रोजनला निदान हवेचा रस्ता आहे. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली: समुद्रातले सजीव खडक आणि हवेचे बुडबुडे, फारसे दुसरे काही नाही. अशा खडकांच्या प्राणवायूविरहित छिद्रांतले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो उडून जातो. फॉस्फरसला अशी सोय नाही. तो हाताने बाहेर काढावा लागतो.

कॅनडातल्या ‘लेक २२६’ या तळ्यावर १९७३ साली याचा लख्ख पुरावा मिळाला. डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने तळ्याच्या मध्ये पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले, फॉस्फरस एकाच भागात. तोच भाग हिरवा झाला. हवाई छायाचित्र शोधून जरूर पाहा. शंभर आलेखांचे काम ते एकटे करते.

प्रवाळपेटीत बाहेर काढण्याचे दोन मार्ग रुळले. पहिला प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की सेंद्रिय रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात साठतो. विरघळलेले फॉस्फेट यात फारसे निघत नाही; ज्यातून ते पुढे तयार झाले असते तो माल मात्र कुजण्याआधीच निघतो. दुसरा मार्ग स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांचा, १९८० च्या सुमाराचा: वेगळ्या जाळीवर प्रकाशात मुद्दाम शेवाळ वाढवायचे आणि नियमाने खरवडून फेकायचे. मला हा विचार सर्वांत देखणा वाटतो. मी स्वतः प्रयोगशाळेतल्या टाकीची काच कित्येक महिने घासत होतो आणि निघालेले शेवाळ पाण्यातच सोडत होतो. पर्यावरण अभियांत्रिकी शिकवणाऱ्याने! (भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून उचलून आणलेले प्रवाळ ही हौस नव्हे, गुन्हा आहे.)

आता यमुना. वझिराबाद ते ओखला हा २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, पण तिच्या प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार तिथे पडतो. मैलापाण्यातून फॉस्फेट येते. साबण-डिटर्जंटमधून फेस करणारी द्रव्ये, शिवाय काही फॉस्फेटही. ओखला बंधाऱ्यावरून पाणी कोसळले की निसर्गाचा एक भलामोठा स्किमर सुरू होतो, फक्त त्याला कप नाही. लवादाने १३ जानेवारी २०१५ च्या निकालात नदीच्या पुनरुज्जीवनाची योजना आखून दिली, सांडपाणी शुद्धीकरणावर भर दिला. जून २०२१ मध्ये दिल्ली सरकारने मानकांत न बसणाऱ्या साबण-डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी घातली. हे आवक रोखण्याचे उपाय झाले. छठपूजेच्या दिवसांत मात्र फेसावर फेसनाशक फवारले जाते. फेस बसतो, घाट स्वच्छ दिसतो आणि त्यातले सगळे त्याच पाण्यातून पुढे फरीदाबाद, मथुरेकडे जाते.