बोटीचे तेल, शर्यतीचे इंजिन: जेट स्कीच्या वंगणाचा इतिहास

टू-स्ट्रोक इंजिनाच्या वंगणाचा प्रश्न त्या इंजिनाच्या रचनेतूनच जन्माला आला. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने १८९१ साली ज्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्यात दट्ट्याखालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, हवा-इंधनाचे मिश्रण आत ओढून ते दाबून वर पाठवण्यासाठी वापरली होती. फोर-स्ट्रोक इंजिनात याच पेटीत तेलाचा साठा असतो आणि तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवले जाते. डे याच्या रचनेत मात्र तेथून इंधन जात असल्यामुळे तेल साठवायला जागाच उरली नाही. काही काळ ठिबक-तेलपात्रांवर काम भागवल्यानंतर पेट्रोलमध्येच तेल मिसळण्याची रीत रूढ झाली, आणि तिच्याबरोबर वंगणाकडून परस्परविरोधी अपेक्षाही आल्या. बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर तगून राहिला पाहिजे, आणि पुढच्याच क्षणी ज्वलनकक्षात पोहोचल्यावर तेच तेल मागे काहीही न ठेवता जळून गेले पाहिजे. पुढील शंभर वर्षांत तेलांमध्ये झालेले सर्व बदल या दोन अपेक्षांमधील तडजोडीचे बदल आहेत, आणि ही तडजोड सर्वांत अवघड ठरली ती फेरफार केलेल्या जेट स्कीच्या इंजिनात.

पहिली अपेक्षा सर्वांत चांगली पुरी करणारे तेल बियांचे होते. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्लाचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, त्यामुळे खनिज तेलाचा थर तुटतो अशा उष्णतेतही एरंडेलाचा थर टिकतो. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांना तेच लागे. चार्ल्स वेकफिल्ड याच्या लंडनमधील कंपनीने १९०९ साली एरंडेलयुक्त तेल ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने विकायला आणले, आणि पुढे मोटरसायकल शर्यतींमध्ये या जातीच्या तेलाने आपले स्थान दीर्घकाळ राखले. एरंडाचे पीक जगात सर्वांत जास्त भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत, होते. आजही शर्यतीच्या तेलांसाठी लागणाऱ्या एरंडेलाचा माग काढत गेल्यास बहुधा तेथेच पोहोचता येते. दुसऱ्या अपेक्षेत मात्र एरंडेल कमी पडले, कारण ते जळताना चिकट लाखेसारखा थर मागे ठेवते, आणि हा थर दट्ट्याभोवतीच्या कड्यांच्या खाचांमध्ये साचला की कडी जागच्या जागी अडकतात. थंडीत ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशीही बसते. ज्या शर्यतपटूला प्रत्येक शर्यतीनंतर इंजिन उघडून साफ करायचेच होते, त्याला याची फिकीर नव्हती. सुटीच्या दिवशी तळ्यावर बोट नेणाऱ्याला होती.

त्या बोटवाल्यासाठी तेलाची वेगळी परंपरा अमेरिकेत घडली. ओले एव्हिनरूड याने मिलवॉकी येथे १९०९ साली बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, विक्रीस आणले, तेही टू-स्ट्रोकच होते. आउटबोर्ड तळ्याचे किंवा समुद्राचे पाणी खेचून सिलिंडरभोवती फिरवते आणि पुन्हा बाहेर सोडते, त्यामुळे त्याचे सिलिंडर हवेने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा बरेच थंड राहतात. त्याच वेळी बोट मासेमारीसाठी तासन्‌तास मंद वेगाने चालते आणि तेव्हा ज्वलन अपुरे होते. आधी मोटारीचेच तेल त्यात घालत असत. पण मोटारीच्या तेलात घाण धुऊन काढण्यासाठी घातलेली कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगे जळल्यावर राख उरते. ही राख स्पार्क प्लगच्या टोकांमध्ये पूल बांधून ठिणगी बंद पाडते, किंवा ज्वलनकक्षात तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवून देते. अवेळी पेटलेले मिश्रण वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा दाब देते आणि त्याच्या माथ्याला भोकही पाडू शकते.

म्हणून अमेरिकेच्या बोट-उद्योगाच्या संघटनेने पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी टीसी-डब्ल्यू हे प्रमाण ठरवले, आणि १९७९ साली स्थापन झालेल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने ते पुढे टीसी-डब्ल्यू २ आणि टीसी-डब्ल्यू ३ असे कडक करत नेले. या प्रमाणांचा गाभा एकच: तेलात राख देणारा धातू नको. घाण दूर ठेवण्याचे काम नायट्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्यांकडे सोपवले गेले. ही द्रव्ये काजळीचे कण सुटे ठेवतात आणि स्वतः पूर्ण जळून जातात. तेलाचे प्रमाणही घटत गेले. १९६० च्या दशकाच्या आरंभी २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल हे सर्वमान्य होते, १९६४ पासून अमेरिकन आउटबोर्ड ५०:१ वर आले, आणि १९८० च्या दशकात १००:१ पर्यंत जाण्याचाही प्रयत्न झाला. तो इंजिनांना मानवला नाही आणि उत्पादकांना मागे यावे लागले. टीसी-डब्ल्यू ३ हे आपल्या कामापुरते अतिशय विचारपूर्वक घडवलेले तेल आहे, आणि त्याला सरसकट हलके लेखणारे शर्यतपटू त्यावर अन्याय करतात.

जेट स्कीचा जन्म मात्र या बोटीच्या जगात झाला नाही. एकदोघांनी स्वार होऊन चालवायचे, उघड्या पंख्याऐवजी पाण्याच्या झोताने पुढे जाणारे हे छोटे जलवाहन ॲरिझोनातील क्लेटन जेकबसन याच्या कल्पनेतून आले, आणि जेकबसन मोटोक्रॉस शर्यतींचा गडी होता. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८ साली ‘सी-डू’ काढली, ती चालली नाही. कावासाकीने १९७३ साली उभ्याने चालवायची ‘जेट स्की’ आणली आणि तिचे नाव या सर्व वाहनांना चिकटले. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाची ‘वेव्हरनर’ आली, आणि १९८८ साली सी-डू पुन्हा अवतरली ती बर्फावरील स्लेज-गाड्यांमध्ये तयार झालेल्या रोटॅक्स इंजिनांच्या परंपरेतून. अशा रीतीने या वाहनाला थंडावा आउटबोर्डसारखा तळ्याच्या पाण्याचा मिळाला, पण त्याचे फेरे, भार आणि स्वभाव मोटरसायकलचे राहिले. तेलाच्या डब्यावर मात्र बहुतेक दुकानांत बोटीचेच प्रमाण छापलेले होते.

कारखान्यातून आलेल्या शांत इंजिनात ही विसंगती फारशी जाणवत नसे. पण १९८२ साली अमेरिकेत जेट स्की शर्यतींची संघटना उभी राहिली, ॲरिझोनातील लेक हवासू येथे जागतिक अंतिम शर्यती भरू लागल्या, आणि इंजिनांत फेरफार करणे हा एक वेगळा व्यवसायच बनला. या फेरफारांचे मूळ युद्धोत्तर पूर्व जर्मनीत आहे. एमझेड कारखान्यातील अभियंता वाल्टर काडेन याने धूर बाहेर नेणाऱ्या नळीला फुगवटा आणि पुन्हा निमुळतेपणा देऊन असे साधले, की परतणारी दाबलहर सिलिंडरातून निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. १९६१ साली त्याचा चालक अर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेला आणि हे ज्ञान जपानात पोहोचले. अशी नळी, रुंद केलेली छिद्रे, तासून खाली आणलेले सिलिंडरचे डोके आणि मोठे कार्ब्युरेटर जेट स्कीवर बसवले की दट्ट्याच्या माथ्याचे तापमान मोटरसायकलसारखे चढते. त्यात या वाहनाची स्वतःची एक भर आहे. लाटेवरून उडी मारल्यावर झोताचा पंप क्षणभर हवेत राहतो, इंजिनावरचा भार एकदम नाहीसा होतो, फेरे उसळतात, आणि लगेच पंप पाण्यात आदळून पूर्ण भार परत येतो. बेअरिंगवरील तेलाच्या थराची अशी परीक्षा तळ्यातील मासेमारीच्या बोटीत कधीच होत नाही. शिवाय थंड पाणी सिलिंडरला आवळून धरत असताना आतला दट्ट्या झपाट्याने तापून फुगतो. इंजिन पुरेसे गरम होण्याआधी पूर्ण वेग दिला तर तो चारही बाजूंनी भिंतीत रुततो.

या कक्षेत राखविरहित तेल उणे पडू लागले. त्यातील सेंद्रिय द्रव्ये मध्यम उष्णतेत उत्तम काम करतात, पण कड्यांच्या खाचांतील तीव्र उष्णतेत त्यांचा धुण्याचा गुण टिकत नाही, आणि तेथे थोडीशी राख सोसूनही कॅल्शियमयुक्त द्रव्ये सरस ठरतात. अशी अल्पराख तेले हवेने थंड होणाऱ्या मोटरसायकलींसाठी तयारच होती. जपानी प्रमाण-संस्थेच्या १९९४ च्या मानकाने त्यांना वंगणगुण, स्वच्छता, धूर आणि धूरमार्गातील काजळी या कसोट्यांवर एफए, एफबी, एफसी अशा श्रेणी दिल्या आणि त्यांवर एफडी ही श्रेणी पुढे आली. महाराष्ट्रातील वाचकाला ही अक्षरे पेट्रोल पंपावरच्या टू-टी तेलाच्या डब्यांवरून परिचित असतील, कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस रिक्षा-स्कूटरांच्या धुराविरुद्ध भारतात जी मोहीम चालली, तिने कमी धुराचे तेल हे एक हत्यार म्हणून निवडले होते. रोटॅक्स इंजिनांच्या बाबतीत तर खुद्द उत्पादकानेच बाजू घेतली: फेऱ्यांनुसार धुराच्या छिद्राची उंची बदलणारी झडप यांतील काही इंजिनांत होती, ती चिकट साठ्याने अडकू नये म्हणून सी-डूच्या मालकांना अल्पराख तेल वापरायला आणि आउटबोर्डचे टीसी-डब्ल्यू ३ टाळायला सांगितले गेले.

फेरफार करणारे कारागीर आणखी पुढे गेले. इंजिनात आपोआप तेल सोडणारा, कारखान्याने बसवलेला तेलपंप बंद पडला तर इंजिन काही क्षणांत जळते, या भीतीने त्यांनी तो काढूनच टाकला आणि टाकीत तेल मिसळण्याची जुनी रीत ३२:१ किंवा ४०:१ प्रमाणात परत आणली. यातील सूक्ष्म गोष्ट अशी, की तेल वाढवले की कार्ब्युरेटरच्या त्याच छिद्रातून जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणजे वंगण वाढूनही ज्वलन अधिक तप्त होऊ शकते. म्हणून प्रमाण बदलणाऱ्याला कार्ब्युरेटरची छिद्रेही पुन्हा बसवावी लागत. तेलांच्या निवडीत एस्टर या कृत्रिम द्रव्यांनी, जी मुळात जेट विमानांच्या वंगणासाठी विकसित झाली, एरंडेलाची जागा मोठ्या प्रमाणात घेतली, कारण त्यांचे रेणूही धातूला चिकटतात आणि तरी स्वच्छ जळतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या काही यंत्रांत एरंडेल टिकले, कारण मद्यार्कात ते सहज विरघळते. वेगवेगळ्या कुळांची तेले एकमेकांत ओतल्यास त्यांतील द्रव्ये गोठून गाळणी आणि नळ्या बुजवू शकतात, म्हणून तेल बदलताना टाकी रिकामी करणे आवश्यक मानले गेले.

या सर्व प्रयोगांवर पाण्याच्या बाजूनेही हिशेब मागितला गेला. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलचा सुमारे पाव भाग न जळताच धूरमार्गाने बाहेर पडतो, आणि जलवाहनात तो थेट पाण्यात जातो. आल्प्सच्या पायथ्याच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यांविषयीच्या काळजीतून युरोपात आउटबोर्डच्या तेलाचे पाण्यातील जैविक विघटन मोजणारी सीईसी एल-३३ ही चाचणी निघाली, आणि पुढे अनेक वर्षे इतर वंगणेही तिच्यावरच पारखली गेली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली आउटबोर्ड आणि जेट स्कीच्या उत्सर्जनावर टप्प्याटप्प्याने कडक होणारे नियम आणले. १९९९ च्या जूनपासून कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरील लेक टाहोत कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना मज्जाव झाला. उत्पादक फोर-स्ट्रोक इंजिनांकडे वळले. शर्यतीसाठी टू-स्ट्रोक स्वरूपात तग धरून राहिलेली यामाहाची सुपरजेटही २०२१ साली फोर-स्ट्रोक झाली.

तोपर्यंत आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू ३ आणि मोटरसायकलसाठी जपानी श्रेणी या दोन्ही व्यवस्था पक्क्या झाल्या होत्या, आणि दोन्ही आजही चालू आहेत. पाण्याने थंड होणारे पण मोटरसायकलच्या वेगाने फिरणारे, तासलेले, रुंदावलेले इंजिन या दोन्हींपैकी एकीच्याही चाचणी-यंत्रावर कधी ठेवले गेले नाही; ज्यांच्याकडे अशी जुनी यंत्रे आहेत, ते आजही दट्ट्याच्या माथ्यावरचा रंग, कड्यांचा सैलपणा आणि प्लगच्या टोकावरची काजळी पाहून आपले तेल ठरवतात.