करमाळ्याचे मोतीचंद आणि आपली क्षमावाणी



गेल्या क्षमावाणीला आम्ही बायका मंदिरातून निघून घरोघरी गेलो. एका घरावरून मात्र न थांबता पुढे आलो. त्या घरच्या मुलाने भांडणात एकावर चाकू चालवला होता. मुलगा तुरुंगात, आई घरात. दार उघडंच होतं. मीही थांबले नाही. ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून आज आपल्या गावची एक जुनी गोष्ट सांगते.

मोतीचंद शहा आपल्या करमाळ्याचे. हुतात्मा म्हणून आपण त्यांचं नाव आदराने घेतो. तरुणपणी ते जयपूरला पंडित अर्जुनलाल सेठींच्या विद्यालयात शिकायला गेले. तिथे धर्माच्या शिक्षणाबरोबर देशभक्तीचे धडे मिळत, क्रांतिकारकांचं येणंजाणं असे. चळवळीला पैसा हवा होता. २० मार्च १९१३ ला बिहारमधल्या शहाबाद जिल्ह्यात, निमेज इथे एका महंतांचा खून झाला, तो पैशासाठी. पैसा काही हाती लागला नाही. खटला होऊन १९१५ साली मोतीचंदना फाशी झाली. साथीदार जोरावरसिंह बारहठ फरार झाले, ते १९३९ मध्ये मरेपर्यंत सापडले नाहीत. सेठीजींना सरकारने खटला न चालवताच कित्येक वर्षं कैदेत ठेवलं.

आपण ही गोष्ट सांगताना फाशीपाशी थांबतो आणि हात जोडतो. महंतांचं नावही घेत नाही. ते काही इंग्रज अधिकारी नव्हते. मठातला एक माणूस होते. पाणी गाळून पिणाऱ्या घरातल्या मुलाच्या हातून हे घडलं, तेव्हा त्या घराने ते कसं सोसलं असेल? गाव 'वीर' म्हणो की 'खुनी', आईला यातला एकच शब्द घेऊन चालत नाही. मी कॉमर्सची, म्हणून सांगते: जमेची रक्कम नावेतून वजा करून एकच आकडा मांडला, तर वही सुटसुटीत दिसते, पण काय काय घडलं ते त्यात राहत नाही.

जोरावरसिंहांचे पुतणे प्रताप हेही सेठीजींचेच विद्यार्थी. ते पकडले गेल्यावर, तुझी आई रडते आहे, साथीदारांची नावं सांग, असं पोलीस अधिकाऱ्याने त्यांना विनवलं. एका आईला हसवण्यासाठी हजारो आयांना रडवणार नाही, असं ते म्हणाल्याचं सांगतात. १९१८ मध्ये बरेलीच्या तुरुंगात ते गेले. उत्तर मोठंच. पण वाचताना मी त्या एका आईपाशीच अडते.

आपल्या पुराणात चेलना राणी आहे. तिचा मुलगा कुणिक. त्याने बाप श्रेणिकालाच कैदेत टाकलं. चेलनेने त्याला टाकलं नाही आणि पाठीशीही घातलं नाही. तू तान्हा असताना तुझं पिकलेलं बोट बापाने तोंडात धरून तुझी वेदना शमवली, एवढंच तिने सांगितलं. कुणिक बेड्या तोडायला धावला. बापाला वाटलं, मारायला येतोय, आणि त्याने जीव दिला. उशीर झाला होता. पण खरं सांगण्याचं काम चेलनेने केलं.

मोतीचंदांचे मित्र देवचंद शहा, तेही आपल्या करमाळ्याचेच. त्यांनी १९१८ मध्ये कारंजाला गुरुकुल काढलं. पुढे ते समंतभद्र महाराज झाले. एकाच गावची, एकाच वयाची, देशासाठी तळमळणारी दोन मुलं. एक फासावर गेला, एकाने शेकडो मुलं घडवली. याचं सगळं श्रेय किंवा सगळा दोष आईच्या पदरात कसा टाकणार? तरी आपण टाकतो. 'घरचे संस्कार' म्हणतो आणि सरकून बसतो.

क्षमा मागायची ती चुलत्या-मावश्यांपुरती असेल तर ती सोपी आहे. ज्याला चाकू लागला, त्याच्या घरीही जायला हवं होतं, तिथेही आपण गेलो नाही.

काल मी दोन्ही घरी जाऊन आले. जखमी मुलाच्या आईने पाणी दिलं, फार बोलली नाही. दुसऱ्या घरी ती माउली म्हणाली, "काकू, त्याने केलं ते चुकलंच. पण डबा घेऊन जाते मी भेटीच्या दिवशी." मी म्हटलं, "जात जा."

येत्या क्षमावाणीला मी त्या दारात थांबणार आहे. तुम्ही याल का?