सर्पगंधा : औषधी संशोधनाचा इतिहास

(म. अडकई, हरकी, हिं. छोटा चाँद, सं. सर्पगंधा, नाकुली, लॅ. रावोल्फिया सर्पेंटिना, कुल - ॲपोसायनेसी). भारतीय लोकवैद्यकात दीर्घकाळ वापरात असलेली व विसाव्या शतकात अतिरिक्त रक्तदाब आणि मनोविकार यांच्या चिकित्सेला नवी दिशा देणारी वनस्पती. हे लहान, सदाहरित झुडूप हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात, आसाममध्ये तसेच कोकण व पश्चिम घाटातील ओलसर, सावलीच्या जंगलांत आढळते. पाने बहुधा तीन-तीनांच्या मंडलांत, फुले पांढरी वा गुलाबी छटेची व त्यांचे देठ लाल असतात. औषधात मुळे वापरतात. त्यांत पन्नासांहून अधिक अल्कलॉइडे असून ती मुख्यत्वे मुळांच्या सालीत एकवटलेली असतात. एखाद्या लोकौषधीची परीक्षा आधुनिक विज्ञानाने कशी केली, तीतून काय हाती आले व कोणती किंमत मोजावी लागली, हे या वनस्पतीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : सर्पगंधा व नाकुली ही नावे प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांत येतात, तथापि त्या नावांनी सर्वत्र हीच वनस्पती अभिप्रेत आहे की काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गोव्यात वास्तव्य करून असलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यांनी १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या काष्ठौषधींचे वर्णन केले आहे. त्यांपैकी एक सर्पगंधा असावी, असे मानले जाते. प्रजातीचे शास्त्रीय नाव सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व वनस्पतिवैज्ञानिक लेओनहार्ट राउव्होल्फ यांच्या स्मरणार्थ पुढे देण्यात आले.

लोकव्यवहारात या मुळीला अनेक गुण चिकटलेले होते. सर्पदंश, ताप, निद्रानाश, उन्माद व प्रसूतीतील अडथळा या सर्वांवर ती दिली जाई. बिहारमध्ये तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जात असे. यांपैकी ज्या गुणावरून वनस्पतीला नाव मिळाले, तो सर्पविषावरील उतारा मात्र संशोधनात सिद्ध झाला नाही. विषारी सर्पदंशावर प्रतिविषरक्तरस हाच सिद्ध उपाय आहे व मुळी उगाळून देण्यात गेलेला वेळ रोग्याच्या जिवावर बेतू शकतो. उन्माद व निद्रानाश यांवरील उपयोगात मात्र तथ्य निघाले.

भारतातील आरंभीचे संशोधन : दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये या मुळांतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी संस्थेचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळांचे चूर्ण रोज २० ते ३० ग्रेन (सु. १·३ ते २ ग्रॅ.) दिल्यास उन्मादाची तीव्र लक्षणे शमतात व रक्तदाबही उतरतो, असे प्रसिद्ध केले. एकाच औषधीच्या या दोन क्रिया एकत्र नोंदविणारे हे पहिले महत्त्वाचे निवेदन होय. रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करून या क्रियांना प्रायोगिक आधार दिला.

असे असूनही जवळजवळ दोन दशके या कार्याची भारताबाहेर फारशी दखल घेतली गेली नाही. हे लेख भारतीय नियतकालिकांत आले होते व ती परदेशात क्वचितच वाचली जात, हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण औषधीच्या स्वभावातच होते. तिचा परिणाम काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पूर्णत्वाने दिसतो. अल्पकाळाच्या प्रयोगांत तो निसटून जाणे साहजिक होते. शिवाय प्रथम वेगळ्या केलेल्या स्फटिकरूप अल्कलॉइडांत शामक गुण पुरेसा आढळेना. तो मुळांच्या राळयुक्त भागात असल्याचे भारतीय संशोधकांनी १९४०-५० या दशकात दाखविले आणि पुढील शोधाची दिशा निश्चित झाली.

वकील यांची रुग्णालयीन चाचणी : मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील (१९११-७४) यांनी राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात अतिरिक्त रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बहुसंख्य रुग्णांत हृदयाच्या आकुंचनकालीन व प्रसरणकालीन अशा दोन्ही रक्तदाबांत घट झाली होती. त्या काळी या विकारावर कडक अळणी आहार, अनुकंपी तंत्रिका छेदण्याची शस्त्रक्रिया किंवा अतिशय त्रासदायक औषधे एवढेच उपाय होते. तोंडाने घेता येणारी, स्वस्त व दीर्घकाळ चालू ठेवता येणारी औषधी ही त्यामुळे मोठी गोष्ट ठरली. अमेरिकेत बॉस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी तिची चाचणी घेतली. रक्तदाब उतरण्याबरोबरच रुग्णांना शांत वाटते, हेही त्यांच्या ध्यानी आले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिकाचे व १९५८ मध्ये पद्मभूषण या किताबाचे मानकरी होता आले.

रेसर्पीन : बाझेल (स्वित्झर्लंड) येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ मध्ये राळयुक्त भागातून रेसर्पीन हे शुद्ध अल्कलॉइड मिळविले. मुळांच्या चूर्णाची मात्रा ग्रॅममध्ये मोजावी लागे. रेसर्पीनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात पुरी पडू लागली. चूर्णातील अल्कलॉइडांचे प्रमाण प्रदेश, ऋतू व वय यांनुसार बदलते. शुद्ध द्रव्यामुळे ही अनिश्चितता दूर झाली. रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये त्याचे संपूर्ण संश्लेषण केले.

न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये रेसर्पीनचे मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. क्लोरप्रोमाझीन व रेसर्पीन या दोन औषधांनी तीव्र मनोविकार औषधाने आटोक्यात आणता येतात, हे दाखवून दिले. पुढे छिन्नमानसाच्या चिकित्सेत क्लोरप्रोमाझीन व तत्सम औषधांनी रेसर्पीनला मागे टाकले.

क्रियेची उपपत्ती : रेसर्पीनचे सर्वांत मोठे ऋण मेंदूच्या अभ्यासावर आहे. अमेरिकेतील ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे द्रव्य दिल्यावर शरीरातील सेरोटोनिनाचा साठा रिता होतो असे दाखविले. स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन दिल्याने निश्चेष्ट झालेले ससे डोपा हे द्रव्य टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात असे दाखविले व त्यातून डोपामीन हे स्वतंत्र तंत्रिका प्रेषक द्रव्य असल्याचे निष्पन्न झाले. कंपवातावरील लेव्होडोपा चिकित्सेचा पाया येथेच घातला गेला. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा विभागून बहुमान मिळाला.

तंत्रिका कोशिकांतील सूक्ष्म पुटिकांमध्ये प्रेषक द्रव्ये भरणारे एक वाहक प्रथिन असते. रेसर्पीन त्याला कायमचे निकामी करते, त्यामुळे नवे प्रथिन तयार होईपर्यंत परिणाम टिकून राहतो. त्याच प्रथिनावर, परंतु तात्पुरती क्रिया करणारी टेट्राबेनाझीन व तिच्या वर्गातील औषधे अनैच्छिक हालचालींच्या विकारांत आज वापरली जातात. अजमलिनालाही नवे क्षेत्र लाभले आहे : १९९२ मध्ये वर्णिलेल्या ब्रुगाडा लक्षणसमूह या हृदयविकाराच्या निदानासाठी ते टोचून विद्युत् हृल्लेखातील छुपा दोष उघड केला जातो.

सार्वजनिक आरोग्य : अतिरिक्त रक्तदाबाची चिकित्सा केल्याने खरोखरच आयुष्य वाचते काय, हा प्रश्न १९६० नंतरही वादग्रस्त होता. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेल्या व १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीने त्याचा निर्णय लावला. चिकित्सेतील तीन औषधांपैकी एक रेसर्पीन होते. औषधे मिळालेल्या ७३ जणांत २, तर निष्क्रिय गोळ्या मिळालेल्या ७० जणांत २७ गंभीर उपद्रव घडले. वृद्धांवरील १९९१ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीतही ज्यांना ॲटेनोलॉल चालत नसे, त्यांना पूरक औषध म्हणून ०·०५ मिग्रॅ. इतक्या अल्प मात्रेत रेसर्पीन दिले होते.

दुष्परिणाम : आरंभीच्या वर्षांत मात्रा बऱ्याच मोठ्या असत. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जठररसाचे स्रवण वाढणे, कंपवातासारखी लक्षणे व खिन्नता यांची नोंद लवकरच होऊ लागली. खिन्नतेचा संबंध मुख्यत्वे मोठ्या मात्रांशी जोडला गेला. अलीकडील आढाव्यांत तोही सुसंगतपणे आढळत नाही. १९७४ मध्ये स्तनकर्करोगाशी संबंध सुचविणारे लेख आले; पुढील पाहण्यांत त्यांना भक्कम दुजोरा मिळाला नाही. तोवर नवी, अधिक सुसह्य औषधे आली होती व रेसर्पीन मागे पडले. २०१६ च्या एका पद्धतशीर आढाव्यास केवळ चार चाचण्या व २३७ रुग्ण एवढाच ग्राह्य पुरावा मिळाला. रक्तदाब उतरतो, एवढे त्यांतून निश्चित होते.

वनस्पतीची स्थिती : जागतिक मागणीमुळे १९५० नंतर रानातील मुळांची बेसुमार खोदाई झाली. मूळ काढल्यावर झाड उरत नाही, बियांची रुजवण कमी होते आणि पीक तयार होण्यास दीड ते तीन वर्षे लागतात. त्यामुळे भारत सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले. १९९० मध्ये संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या जातीचा समावेश झाला. औषधनिर्मितीसाठी आफ्रिकेतील रावोल्फिया व्होमिटोरिया ही जातीही वापरली जाते.

समालोचन : सर्पगंधेचा दाखला लोकवैद्यकाचे समर्थक व टीकाकार दोघेही देतात. वस्तुतः परंपरेने या मुळीविषयी अनेक विधाने केली होती. त्यांतील काही खरी ठरली, तर काही जिवाला घातक ठरण्याजोगी निघाली. वैदूंना झाडाची ओळख व उपयोगाची दिशा ठाऊक होती. मात्रा ठरविणे, तुलना करणे व उशिरा उद्भवणारे अपाय मोजणे हे कार्य रसायनशास्त्रज्ञ व चिकित्सक यांनी केले. कच्च्या मुळीचे चूर्ण वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी मानणे चूक आहे. तिच्यात तेच प्रभावी द्रव्य असते, परंतु न मोजलेल्या प्रमाणात. रक्तदाबाच्या इतर औषधांबरोबर ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे ठरते.