भ्रमणध्वनीचा ओळख-क्रमांक व दुरुस्तीची मर्यादा

स्वतःच्या मालकीच्या वस्तूत फेरफार करण्याचा मालकाचा अधिकार कोठे संपतो, हा प्रश्न भ्रमणध्वनीच्या बाबतीत एका १५ अंकी क्रमांकापाशी येऊन ठेपतो. आयएमईआय नावाचा हा क्रमांक नसलेल्या यंत्रांची सेवा भारतात ३० नोव्हेंबर २००९ नंतर खंडित करण्याचे ठरले. स्वस्त यंत्रे घेणारा ग्राहक निर्दोष असल्याने अशा यंत्रांत अस्सल क्रमांक बसवून देण्याची योजना शासनाच्या संमतीने राबविण्यात आली. म्हणजे यंत्रात क्रमांक घालणे हे त्या वर्षी कायदेपालनाचेच साधन होते.

२०१७ च्या नियमांनी मात्र निर्मात्यावाचून अन्य कोणीही तो हेतुपुरस्सर बदलणे निषिद्ध ठरविले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चोरीच्या यंत्राचा माग याच क्रमांकावरून लागतो, हे या कठोरतेचे कारण होय.

याउलट, १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमात २०१२ साली समाविष्ट झालेले कलम ६५-अ तांत्रिक अटकाव मोडणाऱ्याचा हक्कभंगाचा हेतू पाहते. आपल्या यंत्रातील कार्यप्रणाली बदलणारा मालक केवळ तेवढ्याने त्या कलमाखाली दोषी ठरत नाही.

तथापि दुरुस्तीत पुसला गेलेला मूळ क्रमांकच पुन्हा लिहिणारा मलकापूरच्या बाजारपेठेतील कारागीर ‘बदल’ करतो की पूर्वस्थिती आणतो? नीतीच्या दृष्टीने तो निर्दोष दिसतो. नियमाचे शब्द त्यास तितके निःशंक अभय देत नाहीत.